बर्मिंगहॅमचा जून आणि ब्लॅक बॅरन्स

सोमवार, १७ जून २०२४

अटलांटाहून बर्मिंगहॅम साधारण दीडशे मैल. आय-२० धरायचा आणि पश्चिमेला निघायचं. दोन्ही बाजूंना पाइनची गर्द झाडी, आणि अलाबामात शिरल्यावर डोंगर दिसायला लागतात. गाडी भाचा चालवत होता. बेसबॉलचं वेड त्याला अटलांटात आल्यावर लागलं. मी पुण्यात क्लब क्रिकेटची स्कोअरर. नवा खेळ समोर आला की नियम नंतर, आधी त्याची स्कोअरशीट कशी भरतात ते मी बघते. बेसबॉलची स्कोअरशीट मला पहिल्याच बैठकीत आवडली. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, असं करत राइट फील्डर ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून तो फर्स्ट बेसला गेला आणि दोघं बाद झाले, की लिहायचं ६-४-३. एवढ्यात सगळं आलं.

"मावशी, तीन तास उकाड्यात बसशील ना?" भाच्याने विचारलं. पाच दिवसांची कसोटी चेंडूगणिक लिहिणाऱ्या बाईला हा प्रश्न!

निमित्त मोठं होतं. मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या लीगने, या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या रिकवुड फील्डवर निग्रो लीग्जच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जुन्या वेगळ्या लीग्जच्या, सन्मानार्थ सोहळा ठेवला होता. मंगळवारी धाकट्या लीगचा सामना, बुधवारी नामवंतांचा सॉफ्टबॉल, गुरुवारी मुख्य सामना : सेंट लुइस कार्डिनल्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. आमच्याकडे मंगळवारची तिकिटं होती. गुरुवारची काही केल्या मिळाली नाहीत.

रिकवुड १८ ऑगस्ट १९१० ला सुरू झालं. अमेरिकेत आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान. रिक वुडवर्ड नावाच्या तरुण कारखानदाराने ते बांधलं आणि मैदानाला त्याचंच नाव जोडून मिळालं. बॅरन्स हा गोऱ्यांचा संघ तिथे खेळायचा. ते परगावी गेले की त्याच मैदानावर ब्लॅक बॅरन्स उतरायचे.

हे 'ब्लॅक' वेगळं का, तर १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलिडोकडून वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळला आणि त्यानंतर कृष्णवर्णीय खेळाडूंना हळूहळू सगळी दारं बंद झाली. गंमत म्हणजे मेजर लीगमधली ही बंदी कुठल्या नियमपुस्तकात छापलेली नव्हती. मालकामालकांत ठरलं होतं, बस्स. ती १९४७ पर्यंत टिकली, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत. मधल्या काळात कृष्णवर्णीयांनी स्वतःचं बेसबॉल उभं केलं. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीच्या पॅसेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरने इतर संघमालकांना जमवून निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. त्याच वर्षी दक्षिणेतल्या शहरांची निग्रो सदर्न लीगही निघाली आणि बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स त्यात होते.

संध्याकाळी रेड माउंटनवर व्हल्कन बघून आलो. रोमन लोहारदेवाचा हा ५६ फुटी ओतीव लोखंडाचा पुतळा १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेला. हे शहरच लोखंडाचं. खनिज, कोळसा आणि चुनखडी एकाच खोऱ्यात सापडले म्हणून १८७१ मध्ये वसवलं गेलं. पुतळ्याला पुढून एप्रन आहे आणि मागून काही नाही, यावर भाच्याने फोटो काढत बराच वेळ घालवला.

जेवायला एका साध्या खानावळीत गेलो. तिथे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी असते, आणि मॅकरोनी-चीज हीसुद्धा भाजीत धरतात. मी मांसाऐवजी चौथी भाजी मागितली तेव्हा वाढणाऱ्या बाईने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी उत्तम होती. ही भेंडी इथे आफ्रिकेतून गुलामांबरोबर आली.

मंगळवार, १८ जून

सकाळी निग्रो सदर्न लीग म्युझियम. २०१५ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आजच्या बॅरन्सच्या मैदानाला, रीजन्स फील्डला, लागूनच आहे. आत शिरल्यावर जुने गणवेश बघून घामच फुटला. जाड लोकरी फ्लॅनेल, पूर्ण बाह्या, अलाबामाचा उन्हाळा, आणि कित्येकदा एकाच दिवशी दोन सामने. हातमोजे आजच्या मानाने केवढेसे. खेळाडूंनी सह्या केलेल्या चेंडूंची अख्खी भिंत आहे. माझ्यासारखीला मात्र जागेवर खिळवून ठेवलं ते जुन्या करारांनी, तिकिटांनी आणि कात्रणांनी.

बर्मिंगहॅमचे खेळाडू आले कुठून, याचं उत्तर इथे नीट मिळतं. खाणींतून आणि पोलाद कारखान्यांतून. टेनेसी कोल अँड आयर्न, अमेरिकन कास्ट आयर्न पाइप अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ होते, गोऱ्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे. मुंबईत गिरण्यांचे कबड्डीचे संघ असायचे तसंच. चांगला खेळणाऱ्याला बरं काम मिळायचं आणि शनिवार-रविवारी अख्खी वस्ती मैदानाच्या कडेला. पुढे मेजर लीगचा मोठा तारा झालेल्या विली मेझचे वडील असेच कंपनीच्या संघात खेळायचे. मुलगा त्यांच्याच बोटाला धरून मैदानावर आला आणि १९४८ मध्ये, सतरा वर्षांचा, शाळेत असतानाच ब्लॅक बॅरन्सकडून खेळायला लागला.

म्युझियममधल्या गृहस्थांनी चार्ली प्राइडचा किस्सा सांगितला. हा पुढे कंट्री संगीतातला मोठा गायक झाला, पण आधी पिचर होता. लुइव्हिलच्या संघाने त्याला आणि आणखी एका खेळाडूला ब्लॅक बॅरन्सकडे पाठवलं आणि बदल्यात एक जुनी बस घेतली, असं सांगतात. हसून झाल्यावर ते म्हणाले, "बस ही फार मोठी गोष्ट होती हो." आणि ते खरंच आहे. हॉटेलं घेत नव्हती, खानावळी दारातून परत पाठवत होत्या. संघाचं झोपणं, जेवणं, कपडे बदलणं सगळं त्या बसमध्ये. बस नाही तर संघ नाही.

दुपारी झोप काढली आणि पाचच्या सुमारास रिकवुडला पोचलो. वेस्ट एंडमधल्या साध्या, थोड्या उतरलेल्या वस्तीत हे मैदान आहे. लोकांनी आपापल्या अंगणात पाट्या लावून गाड्या उभ्या करायला जागा दिली होती. आम्ही एका आजींच्या हिरवळीवर गाडी लावली. त्यांनी पैसे मोजून घेतले, पाण्याची बाटली दिली आणि "टोपी घाला" असं बजावलं.

आतून रिकवुड फार देखणं आहे. छपराखालचा स्टँड, लोखंडी खांब, हाताने पाट्या बदलायचा स्कोअरबोर्ड. छतावर १९३६ चे दिव्यांचे मनोरे आहेत, ते मैदानाकडे झुकून उभे आहेत, जणू त्यांनाही सामना बघायचाय. १९९२ पासून 'फ्रेंड्स ऑफ रिकवुड' ही स्वयंसेवकांची मंडळी मैदान जपत आली. तसं नसतं तर इथे केव्हाच दुसरं काही झालं असतं.

सामना बर्मिंगहॅम बॅरन्स आणि मॉन्टगोमेरी बिस्किट्सचा. बॅरन्सनी ब्लॅक बॅरन्सचा गणवेश घातला होता आणि बिस्किट्सनी मॉन्टगोमेरी ग्रे सॉक्स या जुन्या कृष्णवर्णीय संघाचा. मी वही काढून चौकटी आखायला घेतल्या. शेजारी गवती हॅट आणि जाकीट घातलेले एक आजोबा बसले होते. इतक्या उकाड्यात जाकीट. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"स्कोअर लिहिताय?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "१९४८ चा लिहून घेता का?"

ते तेव्हा आठ वर्षांचे होते. वडील पोलाद कारखान्यात. रविवारी चर्च सुटलं की घरी न जाता तसेच चर्चच्या कपड्यांत रिकवुडला यायचे. "म्हणून हे जाकीट," ते म्हणाले. "रिकवुडला मी कधी शर्टावर आलो नाही." मग त्यांनी न अडखळता सांगायला सुरुवात केली आणि मी जागांच्या आकड्यांसकट लिहीत गेले. ६ आर्टी विल्सन. ५ जॉनी ब्रिटन. ४ पायपर डेव्हिस, तोच मॅनेजरसुद्धा. ९ एड स्टील. ३ जो स्कॉट. ७ जिमी झॅप. २ पेपर बॅसेट. हा बॅसेट कधीकधी लोकांना मजा म्हणून झुलत्या खुर्चीत बसून कॅचिंग करायचा. १ बिल ग्रीसन. आणि ८, सेंटर फील्डला, विली मेझ. "त्या पोराच्या तोंडावर अजून लव होती," ते म्हणाले.

त्या वर्षीच्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये ब्लॅक बॅरन्स होमस्टेड ग्रेज या संघाकडून ४-१ असे हरले. जिंकलेला एकमेव सामना रिकवुडवरचा. शेवटच्या इनिंगमध्ये मेझच्या फटक्यावर विजयी धाव आली आणि विजयी पिचर ग्रीसन. ती निग्रो वर्ल्ड सिरीज शेवटची ठरली.

या आठवड्यात विली मेझ येणार का, हाच सगळीकडे विषय होता. वय ९३. प्रवास झेपणार नाही, घरूनच बघेन, असं त्यांनी सोमवारीच कळवलं होतं. आजोबा म्हणाले, "बघेल. इथल्या चेंडूचा आवाज त्याला ओळखता येईल."

सामना अर्ध्यावर असताना स्टँडमध्ये कुजबुज सुरू झाली. लोक फोनकडे बघायला लागले. भाच्यानेही फोन काढला आणि माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं की विली मेझ गेले. सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. कुठूनतरी "विली, विली" सुरू झालं आणि पसरत गेलं. आजोबांनी हॅट काढून छातीशी धरली होती. मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

मग सामना पुढे सुरू झाला. मी लिहीत राहिले. स्कोअरर दुसरं काय करणार? सुटताना आजोबांनी माझ्या वहीतलं ते १९४८ चं पान मागितलं, आठव्या ओळीत मेझच्या नावापुढे आजची तारीख लिहिली आणि वही परत दिली.

बुधवार, १९ जून

आज जूनटीन्थ. १९ जून १८६५ ला टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये गुलामांना मुक्तीची बातमी कळवली गेली, त्याचा हा सण. २०२१ पासून देशभर सुट्टी. बातमी पोचायला उशीर झाला म्हणून सण त्या तारखेचा, हे मला कालच्या संध्याकाळनंतर जरा जास्तच लागलं.

सकाळी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चपाशी गेलो. १५ सप्टेंबर १९६३ ला इथे बॉम्ब ठेवला होता, चार मुली गेल्या. समोर केली इंग्रॅम पार्क आहे, अंगावर येणाऱ्या पोलिसी कुत्र्यांची शिल्पं आहेत. मुलं त्यांच्यामधून पळत होती. इथे फार लिहवत नाही.

तिथून फोर्थ अॅव्हेन्यू दोन पावलांवर. गोऱ्यांच्या दुकानांत काळ्यांना मान नव्हता तेव्हा हा त्यांचा बाजार होता. सलून, थिएटर, विमा कंपन्या, हॉटेलं. ए. जी. गॅस्टन या उद्योजकाने १९५४ मध्ये बांधलेलं मोटेल जवळच आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या आंदोलनात तिथे राहायचे. बॉब्ज सॅव्हॉय नावाच्या उपाहारगृहात ब्लॅक बॅरन्सची मंडळी सामन्यानंतर बसायची. बाहेरगावचे संघही इथेच उतरायचे, कारण दुसरीकडे उतरायची सोय नव्हती. म्हणजे रविवारचा एक सामना झाला की न्हाव्यापासून छापखान्यापर्यंत सगळ्या रस्त्याच्या गल्ल्यात चार पैसे पडायचे.

भाच्याने एका सलूनमध्ये केस कापून घेतले, मी कोपऱ्यात बसले. विषय अर्थातच मेझ. एकाचं म्हणणं, असा सेंटर फील्डर झाला नाही आणि होणार नाही. दुसऱ्याने निग्रो लीग्जमधल्या जुन्या ऑस्कर चार्ल्सटनचं नाव काढलं. तिसरा म्हणाला, चार्ल्सटनला तुम्ही कोणी पाहिलंय का? दुसरा म्हणाला, माझ्या आजोबांनी पाहिलंय, आणि माझे आजोबा खोटं बोलत नव्हते. इथे पुरावा हा असा चालतो, आणि खरं सांगायचं तर बराच काळ याहून चांगला पुरावा उपलब्धही नव्हता. गोऱ्यांची वर्तमानपत्रं या सामन्यांना दोन ओळी द्यायची किंवा तेवढ्याही नाही. जे काही छापलं ते शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर, इथला बर्मिंगहॅम वर्ल्ड अशा कृष्णवर्णीयांच्या पत्रांनी, तेही बहुधा आठवड्यातून एकदा आणि संघाने आकडे कळवले तर.

कात्री थांबवून न्हावीदादा मला म्हणाले, "बाई, रॉबिन्सन डॉजर्सकडे गेला तो दिवस आमच्या घरात दिवाळीसारखा." अर्थात दिवाळी हा शब्द माझा. ते 'ख्रिसमस' म्हणाले. "आणि त्याच दिवसापासून हा रस्ता मरायला लागला."

हे इथे कुठलाही माणूस सांगतो, आणि दोन्ही वाक्यं एका दमात सांगतो. रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू होता. डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्याला उचलला तेव्हा मोनार्क्सना एक डॉलरही दिला नाही. नुअर्क ईगल्सच्या एफा मॅन्ली बाईंनी हे पाहिलं होतं. त्यांचा लॅरी डोबी क्लीव्हलँडने मागितला तेव्हा त्यांनी भांडून १५,००० डॉलर घेतले. या बाई मला भेटायला हव्या होत्या. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनात, गेलेली ती पहिली स्त्री. पण एका बाईच्या भांडणाने काय होणार? चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले, १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग मिटली आणि दुसरी लीग कशीबशी १९६० च्या आसपासपर्यंत घिसटत राहिली. मेजर लीगने खेळाडू घेतले. मालक, मॅनेजर, पंच, वार्ताहर, बसचालक यांना कोणी बोलावलं नाही. या भागाबद्दल मेजर लीगच्या आठवडाभराच्या झगमगाटात मला फारसं काही ऐकू आलं नाही, सलूनमध्ये ऐकू आलं.

मला राहून राहून आमच्या पुण्यातले पळवणकर बाळू आठवत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूना क्लबच्या नेट्समध्ये साहेबांना गोलंदाजी करणारा हा चांभार समाजातला मुलगा पुढे हिंदू संघाचा मुख्य गोलंदाज झाला, १९११ मध्ये इंग्लंडला जाऊन आला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण सहकाऱ्यांना चालायचा, चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळालं आणि तेही झगडून. बाळूंच्या नावाचा असा आठवडा आम्ही कधी भरवला आहे का? भाच्याला विचारलं तर त्याला बाळू हे नावच माहीत नव्हतं. त्याला पूर्ण गोष्ट सांगितली, सलूनमधल्यांनाही सांगितली. मातीच्या भांड्यावर तिघांनीही एकदम मान डोलावली, त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

सॉफ्टबॉलचा सामना बघितला नाही. दुपारी ढग आले आणि तेवढ्यात शहराच्या मध्यभागी मेझचं भलं मोठं भित्तिचित्र पाहून आलो. खाली फुलं पडली होती.

गुरुवार, २० जून

सकाळी पुन्हा रिकवुडच्या बाहेर एक फेरी. तिकीट नसलेल्यांचीही जत्रा होती. टोप्या, शर्ट, पंखे, लिंबू सरबत. परवाच्या आजींनी दर वाढवला होता आणि आज पाण्याची बाटली वेगळी विकत होत्या. त्यांच्या घरासमोर जग येऊन उभं राहिलंय, त्यांनी का वाढवू नये?

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर पडताळून पाहिली. मेजर लीगने बंदी कधी लिहून ठेवली नाही, पण बर्मिंगहॅमने लिहून ठेवली होती. शहराचा एक वटहुकूमच होता : काळ्या-गोऱ्यांनी एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो, चेकर्स खेळायचे नाहीत. १९५० मध्ये त्यात बेसबॉलही घातलं. १९५४ मध्ये नगर आयोगाने बेसबॉलपुरता तो सैल केला, तर काही महिन्यांत मतदारांनी कौल देऊन पुन्हा आवळला. पुढे १९६१ नंतर गोऱ्यांची सदर्न असोसिएशन ही लीगच बंद पडली, मिश्र संघ काही केले नाहीत. रिकवुडवर काळे-गोरे एका संघात उतरले ते १९६४ मध्ये.

संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीतल्या टीव्हीसमोर आधीच गर्दी होती. तिकीट न मिळालेले बरेच जण होते, त्यांत दोघी बहिणी मोत्यांच्या माळा, पांढरे हातमोजे अशा थाटात. "वडील ब्लॅक बॅरन्सच्या सामन्यांना असेच न्यायचे," त्यांतली थोरली म्हणाली. टीव्हीवरच बघायचं असलं तरी त्यांनी हातमोजे काढले नाहीत.

सामन्याआधीच्या कार्यक्रमात रेजी जॅक्सन बोलला आणि लॉबी गप्प झाली. हा हॉल ऑफ फेममधला खेळाडू, १९६७ मध्ये बर्मिंगहॅम ए'ज संघाकडून रिकवुडवर खेळलेला. इथे परत येणं सोपं नाही, असं त्याने सरळ सांगितलं. कुठे जेवायला मिळत नव्हतं, कुठे राहायला मिळत नव्हतं, गोरा सहकारी जो रुडीच्या घरी कोचावर तो कितीतरी रात्री झोपला. शिव्याही जशाच्या तशा सांगितल्या. सूत्रसंचालकांना पुढे काय बोलावं सुचेना. माझ्या मते या संपूर्ण आठवड्यातली सर्वांत मोलाची ती काही मिनिटं. समारंभात अशी गोष्ट कोणी बोलत नाही, आणि त्याने तर ती थेट प्रक्षेपणात बोलून टाकली.

मैदानावर होम प्लेटच्या मागे गवतावर मेझचा २४ हा आकडा रंगवलेला. निग्रो लीग्जमध्ये खेळलेले हयात खेळाडू, काही चाकांच्या खुर्चीत, आजच्या खेळाडूंनी हाताला धरून आत आणले. मेझचा मुलगा मायकल माइकपाशी आला आणि वडिलांना ऐकू जाईल इतका आवाज करा म्हणाला. लॉबीनेही केला. मग पहिला चेंडू टाकायला रेव्हरंड बिल ग्रीसन आले. वय ९९. परवाच्या माझ्या यादीतला १ आकड्याचा खेळाडू! इवो जिमाच्या लढाईतला मरीन, १९४८ च्या त्या सामन्याचा विजयी पिचर, १९५४ मध्ये कार्डिनल्सचा पहिला कृष्णवर्णीय पिचर, आणि नंतर कित्येक दशकं बर्मिंगहॅमच्या एका बॅप्टिस्ट चर्चचा पाळक. थोरली बहीण ताडकन उठली. "आमचे पास्टर!" असं ती ओरडली नाही, त्यांचं चर्च दुसरं होतं. ती म्हणाली, "कोपर वर, रेव्हरंड!"

कार्डिनल्स सेंट लुइस स्टार्सच्या वेशात, जायंट्स सॅन फ्रान्सिस्को सी लायन्सच्या. मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच पंचांचा सगळा ताफा कृष्णवर्णीय. पाचवी इनिंग फॉक्स वाहिनीने जुन्या काळासारखी काळी-पांढरी दाखवली. ती कल्पना मला आधी चमकोगिरी वाटली होती. पण रंग गेल्यावर रिकवुड जसं दिसलं ते बघून लॉबीतली म्हातारी माणसं पडद्याकडे बोटं दाखवायला लागली, आम्ही तिथे बसायचो, ते तिकडे, नाही नाही, त्याच्या अलीकडे. तेव्हा मान्य केलं. कार्डिनल्स ६-५ जिंकले. पूर्ण स्कोअरशीट भरली, टीव्हीवरून का होईना.

शुक्रवार, २१ जून

परतीला निघालो आणि गाडीत आकड्यांवरून वाजलं.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग्जना वरचा दर्जा दिला आणि या २९ मे ला त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. त्यामुळे कारकिर्दीच्या फलंदाजीच्या सरासरीत मेजर लीगच्या टाय कॉबचं .३६७ मागे पडून निग्रो लीग्जमधल्या जॉश गिब्सनचं .३७२ पहिलं आलं. गिब्सन १९४७ मध्ये पस्तिशीतच गेला, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या काही महिने आधी. मेझच्या खात्यात १९४८ चे १० हिट्स, म्हणजे यशस्वी फटके, जमा होऊन ते ३,२९३ झाले. होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मात्र ६६० च राहिले. त्या वर्षीच्या एका होम रनचा उल्लेख सापडतो, पण पूर्ण स्कोअरकार्ड सापडत नाही, म्हणून धरला नाही.

हे सगळं उभं राहिलं ते सीमहेड्ससारख्या गटांतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म चाळल्या म्हणून. फुटकळ प्रदर्शनी सामने त्यांनी बाजूला ठेवले. हॉल ऑफ फेममधल्या पाटीवर गिब्सनचे जवळजवळ आठशे होम रन लिहिलेत. अधिकृत यादीत ते दोनशेच्या आत आले. म्हणजे कडकपणा दोन्ही बाजूंनी पाळला. हा हिशेब मला पटतो. मेझचा तो न धरलेला होम रनसुद्धा पटतो, जीव हळहळला तरी. ज्याचं कार्ड नाही ती धाव मीही धरली नसती.

भाचा मात्र अडून बसला. "मावशी, मला त्यांचा आदर आहे. पण त्यांचा सीझन साठ-सत्तर सामन्यांचा असायचा. कॉब दीडशे खेळायचा. सरासरी टिकवणं वेगळंच ना?"

"तुमच्या मेजर लीगचा २०२० चा सीझन किती सामन्यांचा होता?"

तो थोडा वेळ गप्प. "साठ. पण तेव्हा कोविड होता."

"आकडे धरले का?"

"धरले."

"मग?"

"ते वेगळं."

काय वेगळं ते मी तीनदा विचारलं. त्याने पेट्रोल संपत आल्याचं सांगितलं आणि पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर घेतली. काटा अर्ध्यावर होता.